बंदीतला मासा

धक्क्यावर माझ्या ताईला फूटपट्टी म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. पण ती लिलावाच्या शेडच्या दारात दिसली की टोपल्यांमागून कुजबूज सुरू होते, आणि जो तो आपल्याच टोपलीकडे अशा नजरेनं बघायला लागतो, की ही कोणी आणून ठेवली इथे? ताई मत्स्य खात्यात निरीक्षक आहे. चोरटी मासेमारी पकडणं हे तिचं काम. मी तिचा धाकटा भाऊ. बर्फाचा टेम्पो चालवतो आणि घरात बिनपगारी विरोधी पक्ष म्हणून काम बघतो. तिच्याबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं, पण खोटं लिहिणं त्याहून जड जातं.

चोरटी मासेमारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रातला पाठलाग येतो, भोंगे, दुर्बिणी वगैरे. खात्याकडे गस्तीची बोट आहे एक. तिचं इंजिन पाण्यात जेवढं चाललं असेल त्याहून जास्त वेळ गॅरेजात उघडं पडलेलं मी पाहिलंय. ताईला हे नोकरीच्या सुरुवातीलाच कळलं आणि तिनं त्या बोटीचा नाद सोडला. पळालेली बोट मासे उतरवायला शेवटी धक्क्यालाच लागणार, मग आपण कशाला धावायचं, असं तिचं साधं म्हणणं. रबरी बूट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत मासा मोजायची लाकडी पट्टी, जाळ्याचं भोक मोजायची पत्र्याची निमुळती पाचर आणि पाण्याची बाटली. एवढ्या भांडवलावर तिनं आजवरची नोकरी काढली.

नियम तसे सोपे आहेत. बारीक भोकांचं जाळं वापरायचं नाही, कारण त्यात पिल्लंही अडकतात. मापाहून लहान मासा विकायचा नाही. आणि मासे अंड्यांवर असतात त्या दिवसांत बोट पाण्यात घालायचीच नाही. या शेवटच्या नियमाला आमच्याकडे नुसतं ‘बंदी’ म्हणतात. सोपे नियम पाळायला फार त्रास होतो, कारण कळलं नाही असं सोंग घेता येत नाही.

तिच्या नोकरीचा पहिला दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. आमची आई त्याच बाजारात मासे विकायची. अजूनही विकते. शेडच्या कोपऱ्यातला ओटा तिचा, नळाजवळचा, त्यामुळे पाण्यावरून शेजारणींशी रोजची बाचाबाची. मुलगी निरीक्षक झाली म्हणून त्या सकाळी तिनं सगळ्यांची डोकी खाल्ली होती. ताई शेडमध्ये शिरली, बाकीच्या टोपल्या ओलांडून थेट आईसमोर उभी राहिली आणि पिशवीतून पट्टी काढली. आईचा निम्मा माल मापाहून लहान निघाला. ताईनं तो सगळा उचलला. 

“एवढ्या टोपल्यांत तुला माझीच दिसली?” आईनं विचारलं.

“तुझी शेवटी मोजली असती, तर बाकीच्यांनी मला मोजू दिलं असतं का?” ताई म्हणाली.

आईनं अबोला धरला. आमच्या घरात आईचा अबोला म्हणजे भांडी बोलतात. पण पुढच्या आठवड्यापासून तिच्या टोपलीत लहान मासा दिसेना, आणि मी विकत नाही तर तुम्ही कशा विकता तेच बघते, असा दम तिनं शेजारणींना भरायला सुरुवात केली. ताईला असा हवालदार खात्यानं जन्मात दिला नसता.

वचक मोठ्यांवरही बसला. एक शेठ होते, मोठ्या ट्रॉलरांचे मालक. त्यांच्या बोटी किनाऱ्याला चिकटून तळ खरवडायच्या आणि लहान होड्यांची जाळी फाडून जायच्या. ताईनं त्यांचं जाळं धक्क्यावरच पसरलं, भर उन्हात गुडघे टेकून पाचरीनं भोकं मोजली आणि अख्खं जाळं जप्त केलं. दोन दिवसांनी आमच्या दारात हातगाडीवरून फ्रिज आला. कोणी पाठवला, का पाठवला, काही नाही, फक्त फ्रिज. ताई संध्याकाळी घरी येईस्तोवर आईनं त्यात पाण्याच्या बाटल्या लावल्या होत्या आणि वरच्या कप्प्यात काय ठेवायचं ते ठरवलं होतं. ताईनं हातगाडीवाल्याला परत बोलावलं. आई एकेक बाटली बाहेर काढत होती आणि प्रत्येक बाटलीगणिक शेठचा उद्धार करत होती, की द्यायचाच होता तर मुलगी खात्यात लागायच्या आधी द्यायचा. मी त्या दिवशी गार पाणी प्यायलो ते शेवटचं. फ्रिज आम्ही पुढे आमचा आमचा घेतला, पण तो इतका मोठा नाही.

बंदीचं मात्र वेगळं होतं. जाळं जप्त करता येतं, पण सगळ्या धक्क्याला दोन महिने घरी बसवायचं तर वचक पुरत नाही. पहिल्या वर्षी निम्म्या बोटी सरळ बाहेर पडल्या आणि कोणीतरी ताईच्या ऑफिसच्या खिडकीची काच फोडली. काच तिनं स्वतः बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून पुरुषांशी वाद घालणं बंद केलं. ती बायकांकडे गेली. बंदीत आलेला मासा ओट्यावर घ्यायचा नाही, एवढंच तिनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. विकणारं कोणी नाही म्हटल्यावर आणणाऱ्यांचा उत्साह मावळला. दोन-तीन वर्षांनी बंदीनंतरचा मासा थोराड यायला लागला, तेव्हा ज्यांनी काच फोडली असावी असा मला दाट संशय आहे, तेच लोक बंदीचे गोडवे गायला लागले. आता बंदी लागली की बोटी वाळूवर ओढल्या जातात, रंग लागतो, जाळी विणली जातात, माझा टेम्पो सावलीत उभा राहतो आणि मी घरी पडून आईची बोलणी खातो. ताईनं नोकरीत दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं, असं मला वाटतं, आणि हे मी तिला कधी सांगणार नाही.

आता मामाबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे आमच्या आईचा सख्खा, एकुलता भाऊ, पण अख्खा धक्का त्याला मामाच म्हणतो. बाबा आजारपणात गेले, तेव्हा ताईच्या शाळेची पुस्तकं मामानं आणली, मला पोहायला मामानं शिकवलं. म्हणजे पाण्यात ढकललं आणि वरून सूचना दिल्या. वारा कुठून फिरणार हे त्याला विचारून बोटी सुटायच्या. बंदीच्या दुसऱ्या वर्षी लोक पुन्हा गुरगुरायला लागले, तेव्हा स्वतःची बोट सगळ्यांत आधी वाळूवर ओढणारा मामाच होता. त्याची एक सवय होती. आईचं लग्न झाल्यापासून, बोट लागली की पहिला चांगला मासा बाजूला निघायचा आणि मामीच्या हातानं स्टीलच्या डब्यातून आमच्याकडे यायचा. घरी कोण आजारी आहे, कोण रुसलंय, काही असो. बहिणीकडे डबा गेल्याशिवाय मामा जेवायला बसत नसे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मामाला सांगितलं की नजर हळूहळू जाणार, उपाय नाही. त्यानं ते हसण्यावारी नेलं. मुलानं बोट विकू या म्हटलं तर त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि या वर्षी बंदी लागल्यावर, बोट वाळूवर ओढलेली असताना, धाकट्या होडीतून तो पहाटेचा खडकाच्या आडून बाहेर पडायला लागला. मासा आमच्या बाजारात येतच नव्हता. हमरस्त्यावरच्या हॉटेलची गाडी परस्पर घेऊन जायची. हे धक्क्यावर हळूहळू सगळ्यांना कळलं. आम्हाला सोडून. फूटपट्टीच्या घरी कोण सांगणार? आणखी दोघा-तिघांनी होड्यांना तेलपाणी केलं होतं. मामाला चालतं तर आम्हाला का नाही, असा त्यांचा हिशोब होता.

ताईला हे कळलं ते मामाच्या सवयीमुळे. दुसऱ्या कोणी बंदीत मासा मारला असता तर तो निरीक्षकाच्या घरापासून कोसभर लांब ठेवला असता. मामाला इतके दिवस किरकोळच मिळत होतं, पण पहिला चांगला मासा लागला तसा त्यानं तो बाजूला काढला, डब्यात घातला आणि बहिणीकडे पाठवून दिला.

मी घरी होतो. मामी दारातूनच डबा देऊन गेली, चहालाही थांबली नाही, तेव्हाच मला काहीतरी खटकलं. आईनं झाकण उघडलं. डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक, म्हणजे त्याच सकाळचा. तिनं पोट चिरलं तर आत गाभोळी, अंड्यांनी ठासून भरलेली. आईनं सुरी खाली ठेवली. फेकून दे असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण भावाकडून आलेला मासा तिनं आयुष्यात फेकला नव्हता. तिनं तो धुतला, मीठ लावलं आणि तव्यावर टाकला. गाभोळी मात्र वाटीत काढून झाकून ठेवली.

ताई दुपारची जेवायला आली. बूट दाराबाहेर काढले, हात धुतले, पाटावर बसली आणि ताटाकडे पाहिलं. माझा हात घासापर्यंत पोहोचला होता, तो तिथेच थांबला.

“आई, बाजार बंद आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“मग हा कुठून आला?”

“आला तिथून आला. जेव आधी.”

ताईनं ओट्यावर धुवायला ठेवलेला डबा पाहिला. तो डबा आमच्या घरात कोणाला ओळखू येणार नाही? तिचा चेहरा उतरला. मी तिला संतापलेली पुष्कळदा पाहिली आहे, पण अशी नाही. तिनं ताटांतलं, तव्यावरचं आणि वाटीतलं, सगळं एका भांड्यात घातलं, सील लावलं आणि न जेवता बाहेर पडली. मीही मागून निघालो, कारण एकटीला जाऊ देणं मला बरं वाटेना.

मामा वाळूवर बोटीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. आजूबाजूला आणखी चार जण होते. ताईनं आडपडदा ठेवला नाही. तू बाहेर गेला होतास का, असं सरळ विचारलं. मामानं जाळ्यावरची नजर काढली नाही. कोणी पाहिलं, असं त्यानं विचारलं. माशावर काय माझं नाव लिहिलंय? बाकीचे हसले. मग तो जरा नरम आवाजात म्हणाला, “दिसतंय तोवर जाऊ दे गं मला. पुढच्या वर्षी कोण बघतंय? किती मासे मारणार आहे मी?”

“ज्याच्या त्याच्याकडे कारण आहे, मामा,” ताई म्हणाली. “कारण असलेल्याला सोडायचं ठरवलं, तर बंदी कोणासाठी उरते?”

मामानं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तो जाईना. मग साक्षीदार आण, एवढंच तो म्हणाला. तुझी आई माझ्याविरुद्ध बोलली तर मी मिशी उतरवून देईन. पुन्हा हशा झाला. ताई परत फिरली, आणि चालता चालता तिनं डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं. आम्हा भावंडांत एवढी समजूत आहे.

नियम असा आहे, की बंदीतला मासा ज्याच्याकडे सापडेल त्यानं तो कुठून आणला ते सांगायचं. न सांगितलं तर गुन्हा त्याचा. आमचा मासा सापडला होता आमच्याच स्वयंपाकघरात. संध्याकाळी ताई आईजवळ बसली आणि शांतपणे म्हणाली की मी तुला साक्षीला बोलावणार नाही. उद्या शेडमध्ये सगळ्यांदेखत लिहून देईन की मासा माझ्या घरी मिळाला आणि कुठून आला ते मी सिद्ध करू शकत नाही. त्यानंतर मला या खात्यात तोंड दाखवता येणार नाही, आणि दाखवायचं पण नाही. तिच्या आवाजात धमकी नव्हती. उद्या पाणी येणार नाही, भरून ठेव, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.  आई तवा घासत होती. घासून झालेला तवा तिनं पुन्हा घासायला घेतला, आणि मला त्या क्षणी दोघींचाही राग आला, मामाचा तर आलाच आला. एकाची नजर जाणार, दुसरीची नोकरी जाणार, आणि मधे बसलेल्या बाईनं काय करायचं? मी हे बोलून दाखवलं तर आईनं मला बादली भरायला पिटाळलं.

सकाळी शेड भरली होती. बंदीत एरवी तिथे मांजरंच असतात, पण बातमी फुटली होती. लेखनिक टेबल मांडून बसला होता, एक खुर्ची त्याची, एक ताईची, पण ती उभीच होती. मामा खांबाला टेकून होता, आणि ज्यांच्या होड्या तेलपाणी करून तयार होत्या ते त्याच्या मागे. ताईनं सांगायला सुरुवात केली. मासा सापडल्याचं ठिकाण, निरीक्षकाचं राहतं घर, स्वयंपाकघर. कोणीतरी मागे फिदीफिदी हसलं. ती थांबली नाही. आवाज मोठा, स्वच्छ, एरवी टोपलीचं माप सांगते तसाच. मासा ताजा, अंडी भरलेली. हसणारे हळूहळू गप्प झाले, कारण ही बाई काय लिहून देतेय हे त्यांच्या ध्यानात यायला लागलं. मामाही खांब सोडून सरळ उभा राहिला. हे असं होईल हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. लेखनिकानं विचारलं की मासा कुठून आला, त्याखाली काय लिहू? ताई म्हणाली, “लिही, सांगता येत नाही.”

“येतं सांगता,” असं दारातून ऐकू आलं.

आई आली होती. हातात मामीचा डबा. गर्दीनं वाट दिली. ती टेबलापाशी गेली, डबा ठेवला आणि म्हणाली, “हा डबा माझ्या भावाचा. मासा त्यानं पाठवला. काल सकाळचा होता, मी स्वतः चिरला. पोटात गाभोळी होती.” मग मामाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला न विसरता पाठवलास ते बरं केलंस. पण हा पाठवायला नको होतास.”

 मागच्या लोकांपैकी एक जण हळूच बाहेर सटकला, त्याच्यामागे दुसरा.

लेखनिक बिचारा नवा होता. तो कागदातून डोकं वर न काढता म्हणाला, “साक्षीदाराचं आरोपीशी नातं काय?”

“सख्खी बहीण,” आई म्हणाली. “नीट लिही. उद्यापासून हा माझ्याशी बोलला नाही तरी सख्खीच.”

ताईनं तेव्हा पहिल्यांदा मान खाली घातली. मला वाटलं आता मामा तरातरा निघून जाणार. तो टेबलाकडेच आला. आईच्या शेजारी उभा राहिला, तिच्याकडे बघितलं नाही, ताईकडेही नाही. लेखनिकाला म्हणाला, “तिला खुर्ची दे आधी. फार वेळ उभी राहिली की तिचे गुडघे दुखतात.”

आई बसली. मग मामानं होडीचा नंबर सांगितला, लेखनिकाला नीट ऐकू आला नाही म्हणून पुन्हा सांगितला.